वाढत्या अंगाचे बूट

त्या दुकानातले स्कीचे बूट पायाच्या मापाचे होत नसत. पाय बुटाच्या मापाचा होई, आणि तोवर बकलं उघडत नसत. दारावरच्या पाटीवर हे स्वच्छ अक्षरांत लिहिले होते. बाबांनी ती पाटी मोठ्याने वाचली, "हं" म्हणाले आणि आत शिरले.

मी चौदा वर्षांची होते. पुढच्या आठवड्यात औलीला सोळा वर्षांखालील मुलींची निवडचाचणी होती. आधीचे दोन हिवाळे मी भाड्याच्या बुटांवर काढले होते. त्यांत टाच उचलली जाई आणि मी डावीकडे झुकले तरी स्की सरळच जाई. या वेळी नीट बसणारे बूट नसतील तर येऊच नकोस, असे प्रशिक्षकांनी बजावले होते. बाबांनी त्यासाठी वर्षभर पैसे बाजूला टाकले होते, हे मला ठाऊक होते. म्हणून राग जपून वापरायचा, असे मी ठरवून आले होते.

दुकानदार टिपणीस यांनी माझा पाय पट्टीवर ठेवला. "साडेबावीस सेंटिमीटर," ते म्हणाले. आमच्या पैशांत बसणारे दोनच जोड त्यांच्याकडे होते. एक कुणीतरी वापरलेला, साडेबावीसचा, पुढे ओरखडे पडलेला. दुसरा कोरा, निळा, साडेपंचवीसचा. त्या मापाचा तो शेवटचा उरला होता, म्हणून तेवढ्यातच मिळत होता.

मी वापरलेला जोड चढवला. सरळ उभी राहिले तेव्हा बोटे पुढे टेकली. गुडघे वाकवले तेव्हा ती मागे सरकली आणि टाच कुणीतरी मुठीत धरल्यासारखी घट्ट बसली.

"हेच," मी म्हणाले.

"आणि पुढच्या वर्षी?" बाबांनी विचारले.

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू."

"दर वर्षी बूट घ्यायला मी काय संस्थानिक आहे? तुझा गणवेश, तुझा रेनकोट, सगळं वाढत्या अंगाचं घेतलं. काही बिघडलं?"

"रेनकोट घालून बर्फाचा डोंगर उतरत नाही मी, बाबा."

"पुढे कापूस कोंबू."

"कापसाची गरज नाही, साहेब," टिपणीस म्हणाले. "ह्यात पायच वाढतो. पाटीवर लिहिलंय."

"मग तर उत्तमच की!"

"नको म्हणतेय ना मी!"

"चारू, घालून तर बघ. लगेच नाक मुरडायचं नाही."

त्यांनी पैसे देऊन टाकले, माझ्यासमोर गुडघ्यावर बसले आणि एकेक बकल स्वतः लावले. त्यांचा चेहरा इतका आनंदी होता, की मी पाय ओढून घेतला नाही.

घोटे ठणकू लागले. कुडत्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सरकल्या.

"बघ, भरत चाललाय!" बाबा म्हणाले.

टिपणीसांनी माझ्या टाचेमागे बोटे घालून पाहिली. "अजून दोन बोटं जागा आहे."

तेवढ्यात माझी अक्कलदाढ वर आली. म्हणजे सोळावे सरले होते. चाचणी गेली होती.

"काढा हे," मी म्हणाले. "बाबा, आत्ताच्या आत्ता काढा."

त्यांनी बकलं ओढून पाहिली. "निघत नाहीत गं. सैल आहेत ना अजून."

मग पाय वाढायचा थांबला. "मुलींचे पाय ह्या वयात थांबतात," टिपणीसांनी सांगितले. "आता तळपायाची कमान खाली बसून पाय पसरेपर्यंत फरक पडणार नाही. ते चाळिशीनंतर."

"थांबू की," बाबा म्हणाले आणि माझ्या शेजारी बाकावर बसले.

मी उठून दाराकडे जाऊ लागले. पण सैल बुटांत टाच उचलली जाई आणि बूट जागीच राही. माझे केस कमरेपर्यंत आले आणि विरळ झाले. पाठ जड झाली.

"मला औलीला जायचं होतं!" मी ओरडले. "मला मोठं व्हायचं नव्हतं! तुम्ही पाटी वाचली होतीत!"

"ओरडू नकोस, चारू. दहा जण बघतात. जोड टिकाऊ आहे."

मी पुन्हा ओरडले. या वेळी ते माझ्याकडे वळले आणि जरा सरकून बसले.

"ओरडू नका," ते म्हणाले. "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"मी तुमची मुलगी आहे."

"असं कसं म्हणता, ताई? माझी मुलगी शाळेत आहे अजून."

मी त्यांच्याहून मोठी झाले होते, आणि मोठ्या माणसांशी ते नेहमी अदबीने वागत. मी तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी मान खाली घालून सगळे ऐकून घेतले, जसे मी त्यांचे कधी ऐकून घेतले नव्हते. आणि मला अधिकच संताप आला.

पायाची कमान हळूच खाली बसली.

"एक बोट," टिपणीस म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "बसला."

बकलं आपोआप उघडली. मी गुडघे वाकवून पाहिले. टाच तसूभरही हलली नाही. असा बूट मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता.

बाबांनी माझे कोपर धरले. "सावकाश, आजी. पायरी आहे." त्यांनी मला फूटपाथवर आणून सोडले, वाहनांकडे लक्ष ठेवायला सांगितले आणि घाईघाईने पुन्हा आत गेले.

मी काचेवर मुठी आपटल्या. आत ते टिपणीसांना आपल्या मुलीबद्दल विचारत होते. ती केवढी आहे, हे सांगण्यासाठी त्यांनी तळहात छातीशी आडवा धरला. टिपणीसांनी नकारार्थी मान हलवली. बाबांनी स्वतःच्या हाताकडे पाहिले, क्षणभर विचार केला आणि तो थोडा वर नेला.