ए ग्रेडची पट्टी

खालापूरच्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात माझ्या पाठीमागे मला 'शाब्बास सर' म्हणतात. पूर्वी म्हणत नसत. पूर्वी मी पट्ट्या फेकणारा मास्तर होतो. दोन तुकडे वेल्डिंगने जोडलेली लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये आवळायची, वर हातोडा घालायचा, सांधा उघडला की पट्टी भंगाराच्या पिंपात भिरकावायची आणि म्हणायचं, "परत." माझ्याकडे येतात ती काही कोवळी पोरं नव्हेत. कुणाची फॅक्टरी बंद पडलेली असते, कुणी बारा वर्षं हेल्परकी करून विटलेला असतो. त्यांच्याशी गोड बोलायची मला कधी गरज वाटली नाही.

मग भागी आली आणि पंधरा दिवसांत गेली. वाडीवरून वेल्डिंग शिकायला आलेली ती पहिलीच बाई. मी तिची पट्टी फेकली आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा पत्ता नाही. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. "देवव्रत, महिलांच्या गळतीबद्दल वरून विचारणा होते. जरा प्रोत्साहन देत जा हो." मी तोंड वाकडं केलं खरं, पण ते मनाला लागलं. एका बाईला आपण पळवून लावलं, हा विचार काही केल्या जाईना.

म्हणून दोन महिन्यांनी सुनिता आली, तेव्हा मी जीभ आवरायची असं ठरवूनच बसलो होतो. वय छत्तीस, वाडी साजगावच्या वरच्या अंगाला. साजगावच्या एका फॅक्टरीत ती कंत्राटावर झाडलोट करायची. तिथल्या सुपरवायझरने तिला सांगितलं होतं, कोर्स करून ये, चाचणीत पट्टी टिकली तर वेल्डर म्हणून घेतो. एवढ्या एका शब्दावर ती रोजची पाळी सोडून येणार होती.

फॉर्मवर एक रकाना असतो, 'प्रशिक्षण घेण्यामागील प्रेरणा'. मी विचारलं, "नवरा काय करतो?"

"घरीच असतो. शेडवरनं पडला दोन वर्सांमागं, कंबरेतनं गेला. मला ह्ये शिकायचं हाय ते त्याच्यासाठीच सर, म्हंजे जवा तो पडला तवा—"

"कळलं, कळलं," मी म्हणालो आणि लिहिलं, 'कुटुंबाला हातभार'. सगळ्यांच्या फॉर्मवर मी हेच लिहितो. शिवाय एखाद्या बाईला आपलं दुःख सगळ्यांसमोर उगाळायला लावू नये, एवढी समज मला आहे असं मला वाटत होतं.

तिचा हात वाईट नव्हता. पण रॉड ती घाईने ओढायची. वरून सांधा भरलेला दिसायचा, खाली मुळापर्यंत लोखंड उतरलेलंच नसायचं. शिकणाऱ्यांपैकी निम्म्यांचं हेच होतं. त्यावर औषध एकच, पट्टी त्याच्या डोळ्यांदेखत वाकवायची, उघडलेला सांधा त्याच्या हातात द्यायचा आणि पुन्हा बसवायचं. तिच्या शेजारच्या टेबलावर कर्जतचे अनुपम होते, वीस वर्षं एका गोदामात काढून पंचेचाळिसाव्या वर्षी घरी बसलेले. त्यांच्या मी चाळीस पट्ट्या मोडल्या असतील. "अहो अनुपम, हे वेल्डिंग आहे की लापशी?" ते चिडायचे, एकदा तर हातमोजे आपटून निघून गेले. दुसऱ्या दिवशी हजर.

सुनिताला मात्र मी म्हणायचो, "शाब्बास. छान जमतंय तुला." आणि पाच वाजता सगळे गेले की तिची पट्टी घ्यायची, वरून माझ्या हाताने एक थर द्यायचा, ग्राइंडरने गुळगुळीत करायची आणि तिच्या टेबलावर परत ठेवायची. सकाळी ती यायची, पट्टी हातात घेऊन उलटीसुलटी बघायची. तिचं तोंड असं खुलायचं की मला दिवसभर बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायला लागलं होतं. तीस वर्षांत माझ्याकडे बघून असं कुणी हसलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी पट्ट्या टेबलावर मांडलेल्या होत्या. बाहेरून आलेल्या परीक्षकाने फोटो काढले, सह्या केल्या. वाकवून कुणी पाहिलं नाही. गुण देणं माझ्या हातात होतं. अनुपमना मी बी दिला. सुनिताला ए.

गळती शून्य, नापास शून्य. लगेच तालुक्याच्या कार्यशाळेत बोलायला मला आमंत्रण आलं. विषय, 'प्रौढ प्रशिक्षणार्थींची प्रेरणा आणि शिक्षकाची भूमिका'. प्राचार्य सगळ्यांना ती पत्रिका दाखवत सुटले.

कार्यशाळेच्या आदल्या दिवशी सकाळी सुनिता केंद्राच्या शेडमध्ये आली. हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी म्हणालो, "ये ये, झाली चाचणी?"

"झाली. उघडली पट्टी. एकाच हातोड्यात."

मी काहीतरी पुटपुटलो. पहिली वेळ, घाबरली असशील, असंच काहीतरी.

"मला बी तसंच वाटलं. म्हनलं, आज हात बिघडला. सुपरवायझर हसला. ए ग्रेड का, म्हनला. घरी गेले. ती परीक्षेची पट्टी मी देवापाशी ठेवलीवती. ती काढली, दगडावर ठेवून फोडली." तिने कापड सोडलं. "बघा."

बघण्यासारखं काय होतं? भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा वरचा थर सुटून आला होता. खाली तिचं वेल्डिंग, कडेकडेने नुसतं चिकटलेलं, आणि त्याखाली तुकड्यांच्या कडा कोऱ्याच्या कोऱ्या. दोन हात स्पष्ट दिसत होते.

"वरचा थर माजा नाय," ती म्हणाली. "मी येवढी सरळ वढत नाय. सकाळी पट्ट्या बघून मला वाटायचं, रातभर थंड होऊन बसत असतील नीट. किती येडी मी."

"सुनिता, तू खचून जाशील म्हणून... भागी गेली तशी तू जायला नको होतीस."

"भागी? भागी पोटुशी व्हती, सर. त्या उजेडानं पोटातल्या पोराला काय व्हईल म्हनून भ्याली. तुमच्या वरडन्याला कोन भीतंय? आमी काय कमी वरडणं ऐकलंय?" तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच मला सोसवेना. "त्या अनुपमभाऊंच्या पट्ट्या तुमी रोज मोडायचात. मी बघत व्हते. मला वाटायचं, त्यास्नी येत नाय, मला येतंय. माजी एक बी मोडली नाय तुमी. का? मला सोसलं नसतं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी होतं, पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. अनुपम शिकतील याची मला खात्री होती. हिच्याबद्दल नव्हती. माझं सगळं शाब्बास त्या एका अविश्वासावर उभं होतं, आणि मी त्याला दया समजत होतो.

"माजा नवरा शेडवरनं कसा पडला, ते तुमी इचारलंच नाय," ती म्हणाली. "वर चढलावता, छपराच्या लोखंडी कैचीचा सांधा उघडला. मी बघितला तो नंतर. असाच व्हता. वरनं गुळगुळीत, आतनं नुसता चिकटलेला. म्हनून मला शिकायचं व्हतं. न उघडणारा सांधा कसा करत्यात, येवढंच. पयल्या दिवशी सांगाया लागले, तुमी म्हनालात, कळलं."

टेबलावर ती पट्टी पडली होती.

तिला माझ्याकडून माफी नको होती. तिचं काम सरळ होतं. सुपरवायझर म्हणाला होता, पुन्हा कोर्स करून ये, आणखी एकदा बघतो. पण ऑफिसातला कॉम्प्युटर तिचं नावच घेईना. पास झालेल्याला तोच कोर्स पुन्हा करता येत नाही. एकच वाट होती, शिक्षकाने लेखी द्यायचं की निकाल चुकीचा लागला.

"तो ए खोडा सर. नापास करा मला. मग बसता येईल."

"रविवारी येत जा ना, मी शिकवतो."

"त्याला कागद कुठनं आणू? फॅक्टरीत कागद इचारतात."

मी म्हणालो, लिहून देतो. आणि खरंच त्याच संध्याकाळी कर्जतला घरी बसून अर्ज लिहिला. 'सदर प्रशिक्षणार्थीच्या पट्टीवर मी स्वतः काम केले होते, सबब निकाल रद्द करावा.' लिहून झाल्यावर छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. निवृत्तीला चौदा महिने उरलेत, चौकशी होईल, होऊ दे, असंही वाटलं. लिहिताना माणूस शूर असतो.

दुसऱ्या दिवशी अर्ज खिशात आणि पट्टी पिशवीत घेऊन मी कार्यशाळेला गेलो. ठरवलं होतं, भाषणात पट्टी वर धरायची आणि सगळं सांगून टाकायचं. ज्यांच्या नावे अर्ज होता ते साहेब पहिल्या रांगेत, मी तो द्यायला हात पुढे केला तर पोचेल एवढ्या अंतरावर. मी बोललो. प्रौढ माणसाला आधी विश्वास द्यावा लागतो, म्हणालो. त्याच्या घरची परिस्थिती समजून घ्यावी लागते, म्हणालो. वाडीवरच्या एका बाईचं उदाहरण दिलं, झाडू सोडून ए ग्रेड मिळवणाऱ्या. टाळ्या पडल्या. साहेबांनी उठून माझा हात हातात घेतला. त्याच हाताने मी खिसा चाचपला, अर्ज होता. मी तो काढला नाही.

सोमवारी सकाळी सुनिता शेडच्या दारात उभी होती. नवी तुकडी आत बसलेली, वेल्डिंगच्या काळ्या काचा सारख्या करत होती.

"दिलात अर्ज?"

"साहेब आले नव्हते," मी म्हणालो. "पुढच्या आठवड्यात बघतो."

भिंतीवर कार्यशाळेचा फोटो प्राचार्यांनी सकाळीच लावला होता. साहेब, मी, आणि आमचे हातात घेतलेले हात. तिने तो पाहिला. वाचायला तिला वेळ लागतो, पण खालचा साहेबांचा हुद्दा आणि तारीख तिने सावकाश वाचून काढली. मग माझ्याकडे वळली.

"शाब्बास, सर," ती म्हणाली, आणि रस्त्याला लागली.

तिची पट्टी अजून माझ्या पिशवीत आहे. पिंपात टाकावी म्हणून मी दोनदा काढली, पण नव्या तुकडीतलं कुणीतरी बघत होतं.