तळाची सफाई

घरामागच्या पोहण्याच्या तलावाच्या जुन्या फरशा निघायला लागल्या होत्या. त्या बदलायच्या यावर दोघी बहिणींचं एकमत होतं. घोडं अडलं होतं ते तळात बसवायच्या सफाई यंत्रणेवर. धाकटीचं म्हणणं, असले चोचले आपल्याला परवडणारे नाहीत. ताईचं म्हणणं, फरशी उखडतोच आहोत तर नळ्याही आत्ताच घालून घ्याव्यात, एकदा नवी फरशी बसली की ती पुन्हा कोण फोडणार? फरशीवाला उद्या सकाळी तलाव रिकामा करायला येणार होता. म्हणजे काय ते आजच ठरायला हवं होतं.

ताईला ती यंत्रणा एवढी का हवी होती, ते फक्त ताईला माहीत होतं. तिला तलावाचा तळ दिसत नव्हता.

दुखणं डोळ्याच्या पडद्याचं होतं. दिसायचं सगळं, पण कडेकडेचं. जिथे नजर रोखावी नेमकं तिथलंच कोणीतरी ओल्या बोटाने पुसून टाकल्यासारखं व्हायचं. बाकी बाई ठणठणीत. जिना धडाधड उतरायची, समोरून येणाऱ्याला चालीवरून ओळखून आधी आपणच हाक मारायची, आणि या बाबतीत कोणाला ताकास तूर लागू देत नव्हती. गेलेली नजर परत येणार नाही असं डॉक्टरने सांगितलं, तेव्हा तिने त्याचे आभार मानले, घरी आली आणि संध्याकाळचा वर्ग घेतला. आपल्यावाचून जगाचं अडतं असं मानणारी काही माणसं असतात. ताई त्यातली होती, आणि खरं सांगायचं तर त्या परिसरातल्या पोरांचं तिच्यावाचून अडतही होतं.

घरामागचा हा तलाव म्हणजे तिचं सगळं आयुष्य. पाण्याला पाय लावायला घाबरणारी कितीतरी पोरं तिने मासोळ्या करून सोडली होती. ताईच्या हाती पोर दिलं की निर्धास्त, असं आया म्हणायच्या. ताई डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवते, असंही म्हणायच्या, आणि अलीकडे ते कानावर पडलं की ती विषय बदलायची. मग ती स्वतःची समजूत घालायची. मुलं वर असतात, वरचं मला दिसतं. तळाशी काय, नुसता कचरा.

त्या कचऱ्यानेच घात केला होता. रोज सकाळी लांब दांड्याच्या ब्रशने तळ घासायचं काम ताईचं. पण घासायचं कुठे, तेच आता कळेना. धाकटीने एकदा विचारलं, अगं, शिडीखाली केवढी माती, तुला दिसली नाही का? ताईने वाऱ्यावर खापर फोडलं. दुसऱ्यांदा फिल्टरवर फोडलं. मग धाकटी, जी एरवी आपल्या नोकरीतून फक्त सुटीच्या दिवशी तलावाकडे फिरकायची, ती आठवडाभराची रजा काढून घरी बसली आणि प्रत्येक वर्गाला काठावर येऊन उभी राहायला लागली. ही आता खर्चाचा हिशोब काढणार, असं ताईला वाटलं. तळात यंत्रणा बसली की सगळी कटकट मिटणार होती. आपोआप फवारे उठतील, कचरा ढकलत ढकलत निचऱ्याच्या जाळीपर्यंत नेतील, आणि पुन्हा कोणी काही विचारणार नाही.

कंपनीचा माणूस दुपारी आला. पंपाला असतं तसं त्याच्या बोलण्यालाही एखादं बटण असतं तर बरं झालं असतं. त्याने तळहाताएवढा एक गोल फवारा ताईच्या हातात ठेवला. पाण्याचा दाब आला की याची टोपी वर उठते, जराशी फिरते, पुन्हा खाली बसते, मग पुढचा उठतो, असं त्याने समजावलं. धाकटीने त्याला भंडावून सोडलं. वाळू अडकली तर? टोपी वरून काढता येते. पायऱ्या आणि कोपरे? तिथे, तो जरा आवाज खाली आणून म्हणाला, अधूनमधून हाताने ब्रश मारावा लागतो.

म्हणजे एवढा पैसा ओतूनही ब्रश काही सुटत नाही, असं म्हणून धाकटीने ताईकडे पाहिलं. त्यापेक्षा पाण्यात सोडायचा रोबो घेऊ, पाव किमतीत काम होईल, असं तिचं म्हणणं पडलं.

"रोबो मधल्या जागा सोडतो," ताई म्हणाली. "मग मागून कोणीतरी बघायला लागतंच."

"मग बघ की. रोज तूच बघतेस ना?"

धाकटीच्या आवाजात काही वेगळं होतं का, ते तिला नीट कळलं नाही, पण हातातला फवारा तिने घट्ट धरला.

बहिणींच्या भांडणात पडण्यात शहाणपणा नाही हे ओळखून कंपनीचा माणूस माप घ्यायला काठाकाठाने निघाला. खोल बाजूला पोचल्यावर तो थबकला.

"मॅडम, हे तळाशी आहे ते असंच राहू द्यायचं?" त्याने विचारलं.

"राहू द्या," ताई म्हणाली. "वर्गाच्या आधी काढते मी."

तो बरं म्हणाला आणि पुढे सरकला. ताईला कडेचं चांगलं दिसायचं, आणि त्या कडेच्या नजरेला दिसलं की धाकटी पाण्याकडे बघत नाहीये, आपल्याकडे बघतेय. हे प्रकरण आता झटक्यात उरकायला हवं होतं. कुठे सही करायची ते सांगा, असं ती त्या माणसाला ओरडून म्हणाली. त्याने लगबगीने येऊन कागद पुढे केला आणि रेघेवर बोट ठेवलं. ताईने त्या बोटाच्या अंदाजाने पेन टेकवलं, पण सही व्हायच्या आतच धाकटी मध्ये पडली.

"तुम्ही जरा पंपाची खोली बघून येता का?" धाकटी त्याला म्हणाली. तो गेला. त्याची पावलं दूर जाईपर्यंत ती थांबली.

"ताई, तळाशी काय आहे?"

"कचरा. दुसरं काय असणार?"

"नीट बघून सांग."

ताईने मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला केली. खाली निळं निळं हलत होतं आणि त्यात कुठेतरी काहीतरी गडद होतं, किंवा नव्हतं.

"पानं आहेत," ती म्हणाली.

"बाहुला आहे. आपला सरावाचा. सकाळचा वर्ग सुटल्यावर मीच बुडवला."

मोठ्या मुलांना बुडणाऱ्याला बाहेर काढायला शिकवण्यासाठी ताईनेच तो आणला होता. पहिलीतल्या पोराएवढा, हातपाय असलेला. सकाळपासून तो तिथे पालथा पडला होता, आणि ताई काठाने त्याच्याजवळून कितीतरी फेऱ्या मारून गेली होती. वर्गाच्या आधी काढते, असंही म्हणाली होती.

"माझी परीक्षा घेतेस?" ताईचा आवाज चढला.

"हो, घेतली. दुसरं काय करू? विचारलं तर वाऱ्यावर ढकलतेस." धाकटी म्हणाली. "ते यंत्र महाग आहे म्हणून मी अडून बसले नव्हते, ताई. तळ घाण राहायला लागला म्हणून मला संशय आला. यंत्र बसलं असतं तर तळ रोज लख्ख दिसला असता. मग मला कळलं असतं ते कधी, तर..."

ताई काठावर खाली बसली. तिला आधी राग आला होता, आता नुसती भीती वाटत होती. धाकटीने रजा काढायच्या आधीच्या सगळ्या सकाळी तिला आठवल्या. पाण्यात पोरं, आणि काठावर आपण एकट्या, शिट्टी फुंकत, जोरजोरात हसत. आपण पोरांची डोकी मोजत नव्हतो, आवाज मोजत होतो. बुडणारं पोर आवाज करत नाही, हे तिनेच दरवर्षी शिकवलं होतं.

धाकटी तिच्या शेजारी बसली आणि तिने ताईचा हात हातात घेतला. कोणाला काही सांगायची गरज नाही, असं ती हळूच म्हणाली. तू उथळ बाजूला शिकव, काठावर मी उभी राहीन, यंत्राच्या पैशात एक जीवरक्षक ठेवू. ताईला तो हात सोडवेना. हे सगळं असंच चालू ठेवता आलं तर तिला हवंच होतं, फार हवं होतं.

"आणि एखाद्या दिवशी तुला ताप आला, जीवरक्षकही आला नाही, तर मी वर्ग बंद ठेवीन असं वाटतं तुला?"

धाकटी पाण्याकडे बघायला लागली.

"नाही ठेवणार मी. एक दिवसाने काय होतंय, असं म्हणेन. मी मला ओळखते."

कंपनीचा माणूस परत आला. पेन अजून ताईच्याच हातात होतं. तिने ते त्याला परत दिलं आणि यंत्रणा नको म्हणून सांगितलं. तुमची वस्तू चांगली आहे, आमचीच गरज वेगळी निघाली, असं ती म्हणाली. त्याने सवलतीचं गाजर दाखवून पाहिलं, मग दोघींच्या चेहऱ्यांकडे बघून मुकाट्याने फवारा पिशवीत टाकला.

फाटकाशी गाड्या थांबायला लागल्या. दारं आपटली, पोरांचा कालवा सुरू झाला. मी सांगते, तू घरात जा, असं म्हणत धाकटी उठली. पण ताई तिच्या आधी निघाली होती. फाटकाची कडी तिच्या हाताला सरावाने सापडली. पोरं टॉवेल खांद्यावर टाकून आत घुसायला बघत होती, त्यांना तिने दोन्ही हात पसरून अडवलं.

"आज वर्ग नाही," ती त्यांच्या आयांना म्हणाली. "यापुढे मी काठावर उभी राहणार नाही. मला तलावाचा तळ दिसत नाही."

आया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग त्यातली एक समजुतीच्या सुरात म्हणाली, "अहो ताई, एवढंच ना? पाणी गढूळ झालं असेल तर बदलून घ्या. आम्ही थांबू चार दिवस."

"पाणी स्वच्छ आहे," ताई म्हणाली. "माझे डोळे गेलेत."