दिसते पण उघडत नाही

हे तुम्हाला खरं वाटणार नाही, आणि वाटलंच तर सांगण्यात माझं काहीतरी चुकलं असं मी समजेन. मी एकदा कॉम्प्युटरला नुसतं वाचून शरण आणलं होतं.

जावईबापूंमुळे आठवलं. ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसले होते. ऑफिसातली कुठलीशी फाइल उघडत नव्हती, आणि चेहरा असा की लॅपटॉप आता खिडकीबाहेर जातोय की माझ्या अंगावर येतोय, सांगता येईना. वैतागून त्यांनी मान मागे टाकली.

"बाबा, छतावरचा हा लाल डाग अजून तसाच?"

"वरच्यांचा नळ गळतो. गंजाचं पाणी. ते सोडा, तुमची फाइल दिसते का?"

"दिसते."

"पण उघडत नाही."

"हो ना."

"मग ऐका."

आमची ही ओट्याशी कांदा चिरत होती. तिची सुरी क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली.

मी तेव्हा छापखान्यात मजकूर बसवायचो. पंखे, इस्त्र्या, मिक्सर यांच्या खोक्यात जी माहितीपत्रकं असतात आणि कुणी वाचत नाही, ती आम्ही छापायचो. सगळ्यांच्या फाइली एकाच सामायिक ड्राइव्हवर. हा ड्राइव्ह म्हणजे साहेबांच्या केबिनमध्ये कपाटावर ठेवलेला एक डबा. त्याला ना स्क्रीन, ना कीबोर्ड, नुसता एक हिरवा दिवा. आम्ही आपापल्या जागेवर बसून नेटवर्कमधून त्यात हात घालायचो.

प्रुफं तपासायला एक बाई होत्या. त्यांना सगळे भिंगबाई म्हणत. बंद पाकिटावरून हात फिरवून आतली चूक सांगायच्या. (हसू नका, मी पाकिटं धरून उभा असायचो.) आयुष्यभरात त्यांच्या सहीखाली एक चूक छापून गेली नव्हती, आणि त्या आठवड्यात त्या निवृत्त होणार होत्या. तर त्या सकाळी त्या चपला न काढताच माझ्या टेबलाशी आल्या.

"मिक्सरचं पत्रक उघडा. त्यात आधी 'बटण दाबा' आहे आणि मग 'झाकण लावा'."

"तुम्ही तर सही केलीत."

"केली. आज दात घासताना लक्षात आलं. जेवणाच्या सुट्टीनंतर खाली मशीन सुरू होणार आहे. माझ्या माथी हे एक खापर फुटायला नको हो."

दोन सूचनांची अदलाबदल. काडी विझायच्या आत होणारं काम. मी फाइलवर टिचकी मारली. एडिटर, म्हणजे मजकूर उघडायचा प्रोग्रॅम, म्हणाला, फाइल सापडत नाही.

फाइल माझ्या डोळ्यांसमोर होती, नावासकट. घरातला माणूस दारात उभा राहून म्हणतो ना, मी घरी नाही म्हणून सांगा, तसला प्रकार. पुन्हा टिचकी. सापडत नाही. दुसऱ्या सगळ्या फाइली मुकाट उघडत होत्या, पंख्याची उघडली, इस्त्रीची उघडली, नको होती तीसुद्धा उघडली.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला आम्ही वायरवाला म्हणायचो. तो आधी फोनवर उंटावरून शेळ्या हाकायला लागला.

"बंद करून चालू केलंत?"

"केलं."

"पुन्हा करा."

"पुन्हाच केलं."

"मग एडिटरच बिघडला असेल. दुसरा टाका."

दुसरा टाकला. तो पहिल्यापेक्षा सुसंस्कृत निघाला. 'क्षमस्व, फाइल सापडत नाही.'

"फाइल तुमच्या मशीनवर कॉपी करून घ्या आणि मग उघडा."

कॉपीही होईना.

"काल उघडत होती का?"

"होती."

"मग काल काय वेगळं केलंत?"

"काल उघडली."

शेवटी तो स्वतः आला. केबल बदलली, परवानगी तपासली, अँटिव्हायरस बंद केला, पुन्हा लावला, आणि माझ्या टेबलाखाली शिरला. बराच वेळ त्याचे नुसते बूट दिसत होते. भिंगबाई शेजारी खुर्ची ओढून, मांडीवर पिशवी धरून बसलेल्या. दर घटकेला विचारायच्या, "झालं?" आणि टेबलाखालून उत्तर यायचं, "नाही."

माझ्या नाकी नऊ आले. डोकं बडवायच्या ऐवजी मी स्क्रीनच्या वरच्या पट्टीतला फाइलचा पत्ता मोठ्याने वाचायला लागलो.

आता आमच्या छापखान्याची एक रीत सांगायला हवी. साहेबांचा नियम होता, कुणी कुणाचं काम पुसायचं नाही. दुरुस्ती केली की आधीच्या फोल्डरच्या पोटात नवा फोल्डर करायचा, आणि त्याच्या नावातच लिहायचं, कुणी केली, कुणाच्या सांगण्यावरून. तेही मान ठेवून, कारण एकदा कुणीतरी नुसतं 'बाईंची चूक' असं नाव दिलं होतं आणि भिंगबाईंनी पुढचा महिनाभर कुणाशी शब्द काढला नव्हता. तेव्हापासून नावं अशी: 'भिंगबाईंच्या सूचनेवरून साहेबांच्या परवानगीने पुन्हा पाहिलेले'. त्याच्या पोटात 'साहेबांनी सुचवल्याप्रमाणे भिंगबाईंनी कृपापूर्वक मान्य केलेले'. त्याच्या पोटात आणखी. मिक्सरच्या पत्रकाला अशा दुरुस्त्या सगळ्यांत जास्त झाल्या होत्या.

मी वाचत गेलो. खालच्या रखवालदाराची पाळी बदलली, मी वाचतोय. बाहेरच्या झाडावर चिमणीने घरटं बांधायला घेतलं होतं, ते पुरं झालं, मी वाचतोय. माझा घसा बसला तेव्हा टेबलाखालून वायरवाल्याचं डोकं बाहेर आलं.

"अहो, पत्त्याच्या लांबीला मर्यादा असते. त्यापुढे एडिटरला फाइल दिसते पण हाताला लागत नाही."

"काल तर लागली."

"मग आज कुणीतरी नाव लांबवलंय."

साहेबांनी. सकाळीच. सगळ्यांत वरच्या फोल्डरचं नाव इतकी वर्षं साधं 'कामे' होतं. ते आता 'आमच्या मान्यवर ग्राहकांची तातडीची कामे' झालं होतं.

आम्ही केबिनमध्ये गेलो.

"नाव बदलणार नाही," साहेब म्हणाले. "उद्या ग्राहक बघायला येणार आहेत."

"साहेब, निदान 'तातडीची' काढा."

त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर मोठ्या मनाने काढलं. फाइल उघडेना. 'आमच्या' काढलं. उघडेना. 'मान्यवर' काढायला ते तयार होईनात. तोवर खाली मशीन तापल्याची घरघर जिन्यातून वर यायला लागली होती. भिंगबाई चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या, आणि ते मला बघवेना.

"मग मी साहेबांच्या हातावर हात ठेवला," मी जावईबापूंना सांगितलं, "आणि त्यांच्याच बोटाने अख्खं नाव खोडून तिथे नुसता 'क' टाकला. फाइल अशी उघडली की कपाटावरचा डबा उडी मारून खाली आला. तो मी डाव्या हाताने झेलला, उजव्या हाताने सूचनांची अदलाबदल केली, आणि जिना तीन उड्यांत उतरलो. मशीनवाल्याचं बोट बटणावर टेकलं होतं. मी त्याच्या बोटाखालून चुकीचा कागद काढून घेतला."

"बापरे," जावईबापू म्हणाले. फाइल त्यांची अजून उघडली नव्हती, पण चेहरा जरा निवळला होता. "मग भिंगबाई?"

"ताठ मानेने निवृत्त झाल्या. मिक्सरची कंपनी तर इतकी खूश झाली की मला एक मिक्सर बक्षीस दिला. तो काय, ओट्यावर आहे अजून."

आमच्या हिने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि मिक्सरवर हात ठेवून म्हणाली, "जावईबापू, याच्या खोक्यात ते पत्रक होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा पत्रक वाचून, त्यात लिहिलंय तस्संच टोमॅटोचा रस काढायला गेले. आता वर बघा, आणि यांना विचारा, नळ कुणाचा गळतोय."