कोंडा इथला, अर्क तिथला

भागीदारी म्हणे! हरिप्रियेच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दोन विद्यापीठांचा संयुक्त प्रकल्प. पण करारात काय, तर तंजावूरने भाताच्या गिरण्यांतला कोंडा वाळवून जहाजाने पाठवायचा आणि नेदरलँड्सने त्यातून महागडा अर्क काढायचा. कोंडा खवट होऊ न देण्याची युक्ती कुणाची? हिची. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं घाम गाळला तो हिने. अर्क काढायचं यंत्र इथेच, तंजावूरजवळच्या पापनाशमला बसलं पाहिजे, नाहीतर आपल्या विद्यार्थ्यांनी जन्मभर पोतीच भरायची, एवढंच तिचं म्हणणं होतं.

व्हिडिओ-बैठकीत तिने ते ठणकावून सांगितलं. पडद्यावरचे डच प्राध्यापक चुळबुळले. विचार करता येईल, असं चक्क म्हणाले.

तेवढ्यात शेजारी बसलेले विभागप्रमुख वरुणराव तिच्याकडे झुकले. दोघंही तंजावूरच्या मराठी घरांतली. चारचौघांत काही खासगी बोलायचं तर खुशाल मराठीत बोलायचं, ही इथली पिढीजात सवय, कळणार कुणाला? माईक बंद करायचंही त्यांना सुचलं नाही.

"उगी रहा गे. फार ताणूं नकोस. ते नाही म्हणाले तरी आपण सही करणारच की. फंड गेला तर डिपार्टमेंटच बंद पडेल."

"अण्णा, तुम्ही आधींच हार मानली कां?"

पलीकडे, डचांच्या गटात, एक संशोधिका कॅमेरा बंद ठेवून बसली होती. तिने प्राध्यापकांना काहीतरी लिहून कळवलं असावं. त्यांनी खाली पाहून वाचलं आणि त्यांचा सूरच बदलला.

"यंत्र आमच्याकडेच राहील," ते इंग्रजीत म्हणाले. "तुम्ही तशीही सही करणार आहात, असं समजतं."

मग त्या संशोधिकेने कॅमेरा सुरू केला. हसून मराठीत म्हणाली, "मी पुण्याची. किती गोड आहे हो तुमचं मराठी! अगदी जुनं."

वरुणरावांचा चेहरा खर्रकन उतरला.

"गोड लागलं?" हरिप्रिया कडाडली. "आमच्या घरांतलं बोलणं उचलून त्यांच्या पुढ्यांत वाढलंस, आणि वर कौतुक करतेस? लाज नाही वाटत?"

मुलीचं हसू मावळलं. "मला पगार तेच देतात, ताई," ती पुटपुटली आणि तिने कॅमेरा बंद केला.

दुपारी वरुणरावांनी सही केली. मी मेले तरी सही करणार नाही, असं म्हणून हरिप्रियेने टेबलावर हात आपटला. तिची सही कुणी मागितलीच नव्हती.