टिटवीचा तुंबा

"घासू नकोस गं त्याला. राखेनं चोळ, हळू चोळ. घासलंस तर चिरेल."

किती वर्षं झाली, तरी हा आवाज माझ्या पोटात घुमतो. एल्विरा नावाची म्हातारी आपल्या सुनेला सांगत होती. मी तेव्हा वेलीवरून नुकताच उतरलेला, आत नुसत्या बिया खुळखुळणारा. तिनं माझं तोंड कापलं, बिया काढल्या, ओला पाला आणि राख भरून मला दिवसभर तसंच ठेवलं. काम करता करता ती गुणगुणायची:

राखेनं चोळिला
पाल्यानं भरिला
उन्हात वाळविला
दहा ओठांसाठी

मित्रांनो, मी तोच तुंबा, आता जुना झालेला. आज मी उरुग्वेतल्या एका लहान बेकरीच्या फळीवर बसून असतो. पण माझं सारं आयुष्य गेलं ते सैनिकांच्या हातात.

आमच्याकडे तुंबा कधी एकट्याचा नसतो. येर्बाचा कडू पाला माझ्यात भरतात, वर ऊन पाणी ओततात, धातूची एकच नळी खोचतात आणि सगळे गोल करून बसतात. ओतणारा एक. पहिला घोट, सगळ्यांत कडू, त्याचा. मग तो भरभरून एकेकाला क्रमानं देत राहतो. क्रमात कुणाला वगळायचं नाही. आणि नळी पुसायची नाही. आधीच्या माणसाच्या तोंडची नळी पुसणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण दुधाचे दात पडायच्या आत प्रत्येक पोराला ठाऊक असतं.

मला विकत घेतलं ते अनिबालनं. यी नदीकाठच्या पलटणीतला वीस वर्षांचा शिपाई. हात फावड्याएवढे, पण कोरीव काम नखाएवढं. त्यानं तापवलेल्या तारेनं माझ्या पोटावर एक टिटवी काढली, एका पायावर उभी असलेली, आणि खाली आपलं नाव. टिटव्या आमच्या माळांवर फार. अंडी एकीकडे असतात आणि ही दुसरीकडे जाऊन कलकलाट करते, म्हणजे कुणाची नजर घरट्याकडे जाऊ नये.

"माझ्यासारखीच आहे ही," अनिबाल एकदा म्हणाला.

"तू कुठे कलकलाट करतोस? तू तर मुका," बाल्दोमेरो हसला.

बाल्दोमेरो त्याचा जिवलग, एकोणीस वर्षांचा, अखंड बडबड्या. पूर आला की अडकलेली माणसं काढायला दोघं एकाच दोरावर काम करायचे. एकानं कमरेला दोर बांधून पाण्यात उतरायचं, दुसऱ्यानं बोटीतून दोर धरायचा. पाण्यातल्या माणसाला दिसत काही नाही. त्याला फक्त दोराचा ताण कळतो, आणि तेवढ्यावर तो जिवंत असतो.

ते माझे सुखाचे दिवस. अनिबालच्या हातची येर्बा पलटणीत नावाजलेली होती. दुसऱ्या तंबूतली पोरंसुद्धा काहीतरी निमित्त काढून आमच्या गोलात येऊन बसायची. "या तुंब्याला काय मंतरलंय काय रे?" असं विचारायची, आणि मी फुलून जायचो.

मग एका तपासणीत अनिबालच्या पेटीत एक पत्र सापडलं. प्रेमाचं पत्र, एका पुरुषानं लिहिलेलं. तेव्हाच्या नियमात असा माणूस सैनिक म्हणून नालायक ठरायचा. सगळ्यांना मैदानावर रांगेत उभं केलं. अनिबाल समोर, कमरेचा पट्टा काढून घेतलेला. अधिकाऱ्यानं विचारलं,

"याचा मित्र कोण? एक पाऊल पुढे या."

मला अनिबालच्या बोचक्यावर ठेवलं होतं. तिथून मला फक्त बूट दिसत होते. काळ्या बुटांची लांबच लांब रांग. त्यातला बाल्दोमेरोचा डावा बूट हलला. टाच उचलली गेली. मग टाच सावकाश परत खाली टेकली.

कुणीही पुढे आलं नाही. अनिबालनं बोचकं उचललं आणि फाटकाबाहेर गेला. मी घरंगळून खाली पडलो होतो. "याच्या तोंडचं भांडं कशाला ठेवता?" म्हणत कुणीतरी मला लाथेनं राखेच्या ढिगावर उडवलं.

संध्याकाळी बाल्दोमेरो आला. त्यानं मला उचललं, राखेनंच चोळून साफ केलं आणि माझ्याभोवती गळ्यापासून तळापर्यंत चामडं शिवलं. तो रडला नाही. सुई मात्र तीनदा बोटात गेली. टिटवी अंधारात गेली, नावही गेलं. कुणी विचारलं की तो सांगायचा, "जत्रेतून आणलाय. म्हातारा पाच मागत होता, मी तिनात उचलला." लोक हसायचे.

एकवीस वर्षं त्यानं हेच सांगितलं. शिपायाचा सार्जंट झाला, केस गेले, गुडघा दुखू लागला. गोलात ओतायला तोच बसायचा. विनोद करायचा, मोठमोठ्यानं हसायचा. हा कलकलाट कोणत्या घरट्यापासून लांब चालला आहे ते फक्त मला माहीत होतं.

मग कायदा बदलला. सकाळच्या हजेरीला कॅप्टननं कागद वाचला: कोण कुणावर प्रेम करतो यावरून यापुढे कुणालाही सैन्यातून काढता येणार नाही. वाचायला एक मिनिटही लागलं नाही. बाल्दोमेरोनं मला काखेत इतकं घट्ट दाबलं होतं की चामडं करकरलं.

त्याच्या हाताखाली तेव्हा चार जण होते. मारिसेल बोटीची मोटर सांभाळायची. विल्मार आणि नेस्तोर पाण्यात उतरायचे. आणि दोर धरायचा कॉर्पोरल लीबेर तेचेरा. अपघात झाला तर कुणाला कळवायचं, या रकान्यात लीबेर दरवर्षी बहिणीचं नाव लिहायचा. त्या वर्षी त्यानं फाब्रिसियोचं लिहिलं, आणि गोलात बसल्यावर, मी त्याच्या हातात असताना, तसं सांगितलं.

"दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐका," तो म्हणाला.

"फाब्रिसियो? तो बेकरीवाला?" विल्मारनं विचारलं.

"तोच."

"तो तर तुझा भाडेकरू ना?"

"नऊ वर्षं भाडं न देणारा भाडेकरू असतो का रे?"

मारिसेल खुदकन हसली. नेस्तोर बुटांकडे पाहू लागला. लीबेरनं घोट संपवून मला परत दिलं. बाल्दोमेरोनं पाणी ओतलं आणि क्रमानं मला विल्मारपुढे धरलं. विल्मारनं मला घेतलं. नळीकडे पाहिलं. मग बाही ओढून त्यानं नळी पुसली. एकदा. पुन्हा एकदा.

थर्मासचं झाकण लावल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटला.

"एवढे पाय धुतले असतेस तर आम्हाला तंबूत झोप लागली असती," मारिसेल म्हणाली. "आणि दर शनिवारी त्याच्या बेकरीतल्या गोड बिस्कोचो पावांची पिशवी कोण रिकामी करतं? तेव्हा नाही तोंड पुसलंस ते!"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"तुझ्या पोटालाही नव्हतं वाटतं."

सगळ्यांनी बाल्दोमेरोकडे पाहिलं. एक शब्द, फक्त एक शब्द हवा होता. बाल्दोमेरो म्हणाला, "प्या लवकर. पाणी गार होतंय."

दुसऱ्या दिवशी विल्मारनं नवाकोरा स्टीलचा तुंबा आणला. नेस्तोर त्याच्या बाजूला जाऊन बसला. एका गोलाचे दोन झाले. मी अर्धवट फिरू लागलो, मग कधी कधी नाहीच. एकदा मला तसंच ओलं टाकून दिलं आणि माझ्या पोटात हिरवी बुरशी धरली. बाहेरून काही दिसत नव्हतं. चामडं छान चकचकत होतं.

अशात यी नदीला पूर आला. तीन दिवसांत पाणी शाळेच्या खिडक्यांना लागलं. खालच्या वस्तीत माणसं छपरांवर चढून बसली. आणि बोट सुटायच्या वेळी विल्मार म्हणाला, "मी माझा दोर त्याच्या हातात देणार नाही." नेस्तोरनंही दोर बांधला नाही.

कॅप्टननं बाल्दोमेरोला बाजूला घेतलं. "कायदा मला पाठ आहे, सार्जंट. पण पाण्यात उतरल्यावर कायदा दोर धरायला येत नाही. दोराची जोडी मनानं जुळलेली लागते. दुसऱ्या तुकडीची बोट आत्ता वस्तीत आहे, ती बाराला परत येते, तोवर मी थांबतो. बाराला रांग लावा. तेचेराच्या दोरावर उतरणारा एक तरी माणूस मला दिसला पाहिजे. नाहीतर तो कोठारात जाईल, ब्लँकेटांच्या घड्या घालायला."

"कायमचा, साहेब?"

"एकदा गेलेला माणूस बोटीवर परत येतो का? तुम्हीच सांगा."

तेव्हा साडेदहा वाजले होते. ट्रकच्या ताडपत्रीखाली लीबेर येऊन बाल्दोमेरोसमोर बसला. मी दोघांच्या मध्ये.

"चार वर्षं मी विल्मारचा दोर धरला, सार्जंट. गेल्या पुरात त्याचा पाय कुंपणाच्या तारेत अडकला होता. माझे तळवे सोलले, पण मी सोडला नाही. आठवतं?"

"आठवतं."

"मग तुम्ही बोलत का नाही?"

"बोलून बोलून तर माझे केस गेले बाबा."

"विनोद नको." लीबेरचा आवाज खाली आला. "तुम्हाला माझी किळस येत असेल तर तसं सांगा. मी स्वतःच अर्ज लिहितो आणि जातो. पण असं गप्प बसू नका. गप्प बसलं की माणसाला वाटेल ते ऐकू येतं."

बाल्दोमेरोच्या तळव्याला घाम सुटला होता. तो चामड्यातून मला लागत होता. त्याचे ओठ उघडले. मिटले. लीबेर उठला.

"कळलं," तो म्हणाला. पण त्याला काहीच कळलेलं नव्हतं.

मित्रांनो, तुंब्याला तोंड असतं, पण वाचा नसते. त्या दीड तासात मला ती हवी होती. तुम्हाला आहे, म्हणून एक विनवणी करतो. तुमच्या घरात माझ्यासारखं भांडं असेल तर पिऊन झाल्यावर ते आतून रिकामं करा, उलटं करून उन्हात ठेवा. बाहेरून कितीही पुसलं तरी उपयोग नसतो. आत जे ओलं राहून जातं ना, तेच भांड्याला खातं. मी एकवीस वर्षं त्या माणसाच्या काखेत राहिलो आहे, मला विचारा.

बारा वाजले. चिखलात रांग लागली. लीबेर समोर उभा, हात मागे. शाळेच्या खिडक्या आता पाण्याखाली गेल्या होत्या, आणि लांबून कुठल्यातरी छपरावरून डबा बडवल्याचा आवाज येत होता.

"मोटर मारिसेलकडे आहे, ती सोडून," कॅप्टन म्हणाला. "तेचेराच्या दोरावर कोण उतरणार? एक पाऊल पुढे या."

मला पुन्हा बूट दिसत होते. विल्मारचे हलले नाहीत. नेस्तोरचे हलले नाहीत. मी ज्या हातात होतो त्या हाताखालचा डावा बूट मात्र हलला. टाच उचलली गेली. तिथेच अधांतरी राहिली. आणि मग, मित्रांनो, ती एक पाऊल पुढे जाऊन चिखलात रुतली.

"तुम्ही, सार्जंट? त्या गुडघ्यानं?"

"मी, साहेब. पण एक मिनिट द्या."

बाल्दोमेरोनं खिशातून चाकू काढला आणि माझ्या चामड्याची शिवण उसवू लागला.

"फुटेल तो, सार्जंट!" मारिसेल ओरडली.

मी फुटलो नाही. चामडं चिखलात गळून पडलं. एकवीस वर्षांनी माझ्या अंगाला वारा लागला. टिटवी एका पायावर तशीच उभी होती. खाली नाव.

"जत्रेतला नाही हा," बाल्दोमेरो म्हणाला. "अनिबालचा आहे. शिपाई होता इथे, माझ्या दोरावर. एका पुरुषाच्या पत्रावरून त्याला आपल्याच पलटणीच्या मैदानावरून हाकललं. विल्मार, चार वर्षं तू त्याच्या तुंब्यातून प्यायलास. मेलास का?"

विल्मारचा चेहरा पांढरा पडला.

बाल्दोमेरोनं मला मारिसेलच्या हातात दिलं आणि कमरेला दोर गुंडाळू लागला. इतक्या वर्षांनी बोटांना सराव नव्हता. गाठ बसेना. दोनदा सुटली. तेव्हा विल्मार रांगेतून बाहेर आला, गुडघे टेकून चिखलात बसला.

"अशी नाही, सार्जंट. अशी गाठ पाण्यात सरकते." त्यानं ती सोडली, नीट बांधली, ओढून पाहिली. मग दोराचं दुसरं टोक घेऊन लीबेरकडे गेला. त्यानं लीबेरच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. टोक मात्र त्याच्या तळव्यावर ठेवलं आणि त्याची बोटं त्यावर मिटवली.

"त्या दिवशी," पाठमोराच तो बाल्दोमेरोला म्हणाला, "तुम्ही काय केलंत?"

"रांगेत उभा होतो. विचारलं होतं, याचा मित्र कोण."

"मग?"

बाल्दोमेरोनं लीबेरकडे पाहिलं. दोर दोघांमध्ये ताणला गेला होता.

"किळस नव्हती रे लीबेर. भीती होती." त्यानं मान ताठ केली, आणि रांगेतला शिपाई देतो तसं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं उत्तर दिलं.

"मी, साहेब. मी अनिबालचा मित्र होतो."