रिकाम्या बरण्यांचा वास

आमच्या घरचा जांभळा रंग माझ्या नाकावर ठरतो. राईतल्या झाडांच्या सालीवर राखाडी, कुरळ्या पापुद्र्यांसारखे जे दगडफूल वाढते, ते चुरून अमोनियाच्या पाण्यात भिजत घालायचे आणि रोज झाकण काढून ढवळायचे, म्हणजे त्याला हवा लागते. काही आठवड्यांनी ते तपकिरी पाणी लालसर होते आणि मग एके दिवशी खरे जांभळे. तो दिवस कोणता, हे पंचांग सांगत नाही की घड्याळ. मी बरणीवर वाकते, हुंगते आणि म्हणते, “काढा.” त्यापुढे या घरात कोणी ब्र काढलेला नाही.

यंदा मात्र बरण्या धुऊन फळीवर पालथ्या पडल्या होत्या आणि मला एका जागी बसवत नव्हते. सकाळी उठून घरामागच्या रंगाच्या कारखान्यात जावे, रिकाम्या बरण्यांवरची धूळ पुसावी, खिडकी उघडावी, लावावी, पुन्हा उघडावी. मुलगा म्हणाला, “आई, जरा टेक ना. पायाला भिंगरी लागल्यासारखी काय फिरतेस?” मी त्याला म्हटले, “बसून करू काय? तुझं तोंड बघू?”

कारण होता नाटकगृहाचा दर्शनी पडदा. तो रंगवला होता सासूबाईंनी आणि मी मिळून. आता त्याची एक कड कप्पीत अडकून फाटली होती. व्यवस्थापक फाटका तुकडा घेऊन स्वतः आला. “दोन हात कापड याच रंगाचं हवं, बाई. बाजारात जांभळे पुष्कळ मिळाले, पण दिव्यांखाली ठिगळ ओरडतं.” मी शब्द दिला. हंगाम संपायच्या आत कापड देते म्हणाले. माझा शब्द म्हणजे काय, हे त्यालाही ठाऊक होते, म्हणून तर त्याने पावतीदेखील मागितली नाही.

राईत गेले तेव्हा जीव उडाला. दगडफूल कमी होत चालले होते, हे काही मला नवे नव्हते. दर वर्षी आम्ही थोडे अधिक आत जात होतो आणि दर वर्षी म्हणत होतो, की पुढच्या साली भरून येईल. यंदा खोडांवर दुसरेच काहीतरी माजले होते. पिवळट नारिंगी खपली, जणू झाडांना नायटा झाला होता, आणि तिच्या खाली हिरवा बुळबुळीत थर. पायाखाली पूर्वी निळी बारीक फुले असत. तिथे कमरेएवढे गवत आणि काटेरी झुडपे. राखाडी दगडफूल उरले होते ते पार पलीकडे, मोठ्या खडकाच्या आडोशाला, मोजक्या झाडांवर. सगळे खरवडले असते तर एक बरणी भरली असती. एक बरणी म्हणजे दोन हात कापड. सुरी माझ्या हातातच होती.

खडकापाशी एक तरुण माणूस झाडांना बोटाएवढ्या नळ्या टांगत होता. मी त्याला हटकले.

“राईला दागिने घालतोस की काय?”

“हवा मोजतोय, आजी. हवेत नत्र वाढलंय. अमोनिया. तो पानांवर, सालीवर बसतो, पावसाबरोबर मातीत उतरतो. म्हणजे आकाशातून खतच पडतंय म्हणा ना.”

“मग वाईट काय? खत कोणाला नको असतं?”

“ज्यांना उपाशी राहायची सवय आहे, त्यांना. तुमचं हे दगडफूल त्यातलंच. खादाड मंडळी आली, की ह्यांना जागाच उरत नाही.”

“आणि हा अमोनिया येतो कुठून?”

त्याने माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिले. “तुम्हाला वास येत नाही?”

मला वास येत नाही! मी सुरी पिशवीत टाकली, उद्या येऊन खरवडू असे मनाशी म्हटले आणि तणतणत घरी आले.

संध्याकाळी नातसून कामावरून आली. ती रुग्णालयात परिचारिका आहे. लग्न होऊन वर्षसुद्धा झालेले नाही. फाटक उघडताना तिने नेहमीप्रमाणे रुमाल नाकाला लावला. ते मी रोज पाहत होते आणि रोज गिळत होते. त्या दिवशी गिळवले नाही.

“काय गं, अजून या घराचा वास मानवत नाही वाटतं? जांभळा रंग अंगावर मिरवायला हवा आणि त्याचा वास तेवढा नको?”

ती गोंधळली. “तसं नाही, आजी. पण… बरण्या तर रिकाम्या आहेत ना?”

“आहेतच. डोळे आहेत मला.”

“मग हा वास कसला?”

मी कारखान्यात गेले आणि एकेक बरणी हुंगली. काचेचा, पाण्याचा, धुळीचा वास. बाहेर येऊन अंगणात उभी राहिले आणि छातीभर श्वास घेतला. काहीही नव्हते.

“वास नाही,” मी निकाल दिला.

एरवी तेवढ्यावर भागले असते. पण पोरगी रुमाल चुरगाळत तिथेच उभी राहिली. “येतोय, आजी. डोळ्यांत पाणी येण्याइतका. मी आले त्या दिवसापासून येतोय. मला वाटलं, घराचाच आहे. मग नव्या सुनेनं नाक कशाला मुरडायचं, म्हणून गप्प बसले. आमच्या वॉर्डात पण असंच होतं. आठ दिवसांनी फिनेलचा वास कोणालाच येत नाही. फिनेल असतंच की तिथं.”

“म्हणजे माझं नाक बाद झालं, असं म्हणायचंय तुला?”

“नाही हो! सवयीचं झालंय. चार दिवस दुसरीकडे राहून बघा ना.”

माझ्या अंगणात उभी राहून ही कालची पोर मला घराबाहेर जायला सांगत होती. मी तिला खोटी पाडण्यासाठी गेले, हे स्पष्ट सांगते. दुसऱ्या दिवशी राईत जायचे होते, ते राहिले.

लेकीकडे दिवस निघता निघेना. तिच्याकडे गालिचे, पडदे, सगळे कसे गुळगुळीत. हाताला काम नाही. मी तिची कपाटे लावली, कुंड्या हलवल्या, शेवटी तिच्या नवऱ्याने खुर्ची शोधली तेव्हा ती गच्चीवर सापडली. लेक हात जोडून म्हणाली, “आई, तुझं घर तुला बोलावतंय. जा बाई!” तरी चार दिवस मी नेटाने काढले.

परतताना रस्त्याच्या वळणावर गाडीची काच खाली केली आणि एखाद्याने तोंडावर ओला हात मारावा तसा तो वास आला. डोळे झोंबले. माझाच वास होता तो, बरणीचा, कच्च्या रंगाचा. पण त्यात रंग कुठेच नव्हता. उताराच्या वरच्या अंगाला माझ्या भाच्याच्या कोंबड्यांच्या लांबच लांब शेड उभ्या होत्या आणि त्यांच्या भिंतीतले पंखे घरघरत होते. सगळ्यांची तोंडे राईकडे.

मी घरी गेलेच नाही. गाडी वर घ्यायला लावली.

भाचा दारात आला. लोक त्याला कोंबडीसम्राट म्हणतात आणि तोही ते चालवून घेतो. “आत्या! सांगायचं तरी. खुर्ची आणा रे!”

“खुर्ची राहू दे. हे पंखे राईकडे का?”

तो हसला, अगदी शाबासकी मिळणार असल्यासारखा. “तुझ्यासाठीच, आत्या! घराकडच्या भिंतीतही पंखे आहेत, पण मी ते कधी लावलेच नाहीत. म्हटलं, आत्याच्या नाकाला त्रास नको.”

“माझं नाक सांभाळायला तुला कोणी सांगितलं होतं?”

“सांगायला कशाला हवं? तुझा स्वभाव आम्हाला ठाऊक नाही का? कोंबडीचा वास घरात शिरला असता, तर तू मलाच सोललं असतंस.”

खरे होते ते.

“राईतलं दगडफूल संपलं,” मी म्हणाले. “थोडं उरलंय. ते गेलं, की आपल्या घरचा रंग गेला. आजपासून राईकडचे पंखे बंद. माझ्या घराकडचे लाव.”

“अगं, तुझ्या घरावर? लोक शेण घालतील माझ्या तोंडात!”

“घालू देत. तो नळ्यावाला आहे ना, त्याला बोलाव. खत रोज कसं उचलायचं, कोरडं कसं ठेवायचं, हवा धुऊन कशी सोडायची, ते विचार आणि कर. तोवर वास मी घेईन. तुला आत्याची इतकी काळजी आहे ना? मग लवकर उरकशील.”

“आणि खर्च?”

“कोंबडीसम्राट म्हणवतोस ना?”

नाटकगृहाच्या व्यवस्थापकाला मी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन सांगितले, की दगडफूल थोडेच उरले आहे, कापड मिळणार नाही. आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होते. तो भला माणूस म्हणाला, “पण थोडंसं शिल्लक आहे म्हणता ना?” मी म्हटले, “ते बियाण्याचं आहे.” दगडफुलाला बी नसते, हे मला ठाऊक आहे. पडदा तसाच फाटक्या कडेने वर जातो. पहिल्या रांगेत बसले, की मला तीच कड दिसते आणि नाटक दिसत नाही.

नळ्यावाल्याने आल्या आल्या सांगून टाकले, की पंखे फिरवून राईवरचा भार थोडा हलका होईल, पुरता जाणार नाही; आणि गेलेले दगडफूल परत यायला माझ्या नातवाचे केस पिकतील. भाच्याच्या शेडबाहेर हवा धुण्याचे पाइप येऊन पडले आहेत, अजून जोडलेले नाहीत. मी रोज वर जाऊन ते काठीने वाजवून येते.

आता वारा घरावर येतो. पहिले काही दिवस डोळ्यांना धार लागली होती, उशीलासुद्धा तो वास होता. मग एका सकाळी उठले तर हवा स्वच्छ वाटली आणि माझ्या काळजात चर्र झाले. पंखे तर घरघरत होते.

तेव्हापासून नातसुनेला माझा हुकूम आहे. ती कामावरून येते तेव्हा मी फाटकाशी उभी असते.

“येतोय?”

ती रुमाल खाली घेते, श्वास घेते.

“येतोय, आजी.”

मग मी काठी उचलते आणि वर चालू लागते.