माझ्या अंगावरची अमेरिका

मित्रांनो, मला उलगडलं की आधी माझी धूळ खाली पडते आणि मग मी. इतका जुना नकाशा आहे मी. पण हसू नका हं. माझ्या अंगावर अख्खी उत्तर अमेरिका आहे. तपकिरी डोंगर आहेत, निळी सरोवरं आहेत आणि मधून वाहणाऱ्या अशा लांबलचक नद्या आहेत, की आपली गंगा, म्हणजे गोदावरी हो, त्यांची धाकटी बहीण शोभावी.

हैदराबादच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. तेव्हा आपल्याकडं निजामाचं राज्य होतं, म्हणून माझी सगळी नावं उर्दूत छापली. पाठीला जाड मांजरपाटाचं कापड चिकटवलं, वर-खाली लाकडी दांडे ठोकले आणि आगगाडीनं मला मानवत रोड स्टेशनवर उतरवलं. तिथून सरकीच्या पोत्यांवर आडवा होऊन बैलगाडीनं मी शाळेत पोचलो. घरी मराठी बोलणारी मुलं माझ्यासमोर उभी राहून 'शुमाली अमरीका', म्हणजे उत्तर अमेरिका, म्हणायची, तेव्हा मला काय ऐट वाटायची म्हणून सांगू. मास्तरांची छडी रोज माझ्या सरोवरांना गुदगुल्या करायची.

मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि शाळा मराठी झाली. फार चांगलं झालं. मुलांना आपल्या भाषेत शिकायला मिळालं, याचा मला आनंदच आहे. पण माझं पुढं काय, हे कुणी विचारलं नाही. मला गुंडाळून कपाटावर टाकलं ते तब्बल पंचवीस वर्षं. एका पालीनं माझ्या कॅनडात तीनदा अंडी घातली, तेवढीच काय ती सोबत.

१९७४ साली शाळेची तपासणी यायची होती. हेडमास्तर माणिकरावांनी निरुपयोगी वस्तूंची यादी केली. तीत मोडकं बाकडं होतं, गळकी बादली होती आणि मी होतो. सरकारी भाषेत याला निर्लेखन म्हणतात, म्हणजे वस्तू समोर असली तरी आता ती नाही असं लिहायचं. शिपाई किशनरावाला ते म्हणाले, "तो उर्दू नकाशा कुणाच्या कामाचा नाही. कागद सोलून टाका आणि मांजरपाट फरशी पुसायला घ्या."

किशनराव मला घेऊन ओट्यावर बसला. त्याच्या हातात पत्र्याची पट्टी होती. एवढ्यात नववीतली सत्यशीला आली. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली ही पोर महिनाभरापूर्वी वर्गात पहिल्यांदा उभी राहून बोलली होती आणि तेव्हापासून खाली बसायलाच तयार नव्हती. तपासणीच्या दिवशी अमेरिकेतले लोक पश्चिमेकडं कसे गेले, हा धडा तिनं समजावून सांगावा, असं इतिहासाच्या दिनकरराव सरांनी ठरवलं होतं.

"किशनमामा, काय करायलाव?"

"सोलायलो. हेडमास्तरचा हुकूम हाय."

"थांबा की. अमेरिकेचा हाय ना ह्यो? मला पायजे."

"उर्दू हाय पोरी. तुला काय वाचता येनार?"

"तुमाला येतंय की."

किशनरावानं मान वर केली. तो चौथीपर्यंत उर्दूत शिकला होता. पंचवीस वर्षांत ही गोष्ट त्याला कुणी विचारली नव्हती. त्यानं पट्टी खाली ठेवली.

"शनिवारच्या तपासणीपोतर ठिवतो. साहेबानं ह्याचा उपेग काय म्हनून इचारलं तर मी न्हाई बोलनार. तूच बोलायचं. न्हाई पटलं त्याला, तर फरशी पुसायला घेनार बघ."

मित्रांनो, असा माझा जीव एका नववीतल्या मुलीच्या जिभेवर टांगला गेला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तालीम सुरू झाली. तिची मैत्रीण मनकर्णा डबा खात समोर बसली होती. सत्यशीलानं माझ्या डाव्या कडेवर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ही पूर्व. इथून लोक गाड्या जुंपून निघाले." तिच्या गाड्या निघाल्या त्या थेट उजवीकडच्या समुद्रात. मला ओरडावंसं वाटलं, पण नकाशाला तोंड कुठं असतं?

"सत्ये, उलटं चाललीस," मनकर्णा म्हणाली.

"उलटं कसं? उर्दू उलटीकडून लिवत्यात. मग नकाशाबी उलटाच आसनार की."

किशनराव इतका हसला की त्याचा चहा बशीतून सांडला. "अगं, अक्षरं उजवीकडून चालत्यात, दिशा न्हाई फिरत. सूर्य काय उर्दू हाय व्हय?" मग त्यानं माझ्या उजव्या कडेवर बोट टेकवलं. "ही मशरिक, म्हंजी पूर्व. अन् तिकडं मगरिब, दिवस मावळतो ती बाजू. तुजे गाडीवाले लय शाने, अक्षरासंगंच चालले."

खरंच की. इतकी वर्षं ते माझ्या अंगावर होतं आणि माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

मग किशनरावाचं बोट वाचत वाचत डावीकडं निघालं आणि सत्यशीला त्याच्या मागं गोष्ट सांगत निघाली. १८०४ साली वाट शोधायला निघालेली एक सरकारी तुकडी होड्यांतून मिसूरी नदीच्या उलट्या धारेनं वर गेली. पुढं तिच्यासोबत तिथल्याच जमातीची एक तरुण बाई निघाली. पाठीवर तान्हं लेकरू घेऊन, अनोळखी माणसांसाठी दुभाषी होऊन ती समुद्रापर्यंत चालली. नंतरच्या वर्षांत ताडपत्रीचं छप्पर घातलेल्या गाड्यांच्या रांगा आल्या. भांडी, बियाणं, म्हातारी माणसं, सगळं गाडीत.

"तांडाच म्हन की," मनकर्णा म्हणाली.

इतक्यात ते बोट माझ्या पश्चिमेच्या एका फिकट पिवळ्या जागेवर थबकलं. "गैरआबाद," किशनरावानं वाचलं.

"म्हंजी?"

"जिथं कुनी ऱ्हात न्हाई."

सत्यशीलाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मग ती लेकरूवाली बाई कुठली? सर तर म्हनले, सरकारनं तिथल्या लोकांसंगं करार केले अन् मोडले. करार काय दगडासंगं केले?"

"छापलंय म्हनल्यावर खरं आसंल," मनकर्णा म्हणाली.

"तलाठ्याच्या नकाशात आमच्या वस्तीच्या जागी पडीक छापलंय. आमी काय पडीक हाव?"

ती हसत म्हणाली, पण मनकर्णाचा घास हातातच राहिला. आणि मी? चाळीस वर्षं तो शब्द मी मिरवत आलो होतो. मला माझीच लाज वाटली.

सत्यशीलानं सरांच्या पुस्तकातून जमातींची नावं शोधली, जांभळ्या शाईनं चिठ्ठ्यांवर लिहिली आणि ज्वारीच्या पिठाची खळ करून माझ्यावर चिकटवली. शोशोनी, शायेन, सू. त्यातली एक चिठ्ठी बरोबर त्या शब्दावर बसली. मित्रांनो, माझ्या अंगावरची ती पहिली मराठी अक्षरं.

शनिवारी तपासणीचे साहेब वर्गात आले. सत्यशीला उजवीकडून सुरू झाली. गाड्या नीट दिशेनं निघाल्या, नदी ओलांडली, सगळं झकास चाललं होतं. तेवढ्यात साहेब उठले.

"सरकारी वस्तूवर हे काय चिकटवलंय?"

"साहेब, तसाही तो निर्लेखनाच्या यादीत आहे," माणिकराव घाईनं म्हणाले.

सत्यशीलानं दाराकडं पाहिलं. तिथं किशनराव ओठ घट्ट मिटून उभा होता. मग तीच म्हणाली, "साहेब, खाली चुकीचं छापलंय म्हणून."

"काय चुकीचं? बघू," म्हणत साहेबांनी चिठ्ठी ओढली.

ज्वारीची खळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत आहे, ती धरते ती सोडत नाही. चिठ्ठी निघाली ती माझं कातडं घेऊनच. पिवळ्या जागेवर तळहाताएवढा मांजरपाट उघडा पडला. साहेबांनी चिठ्ठी उजेडासमोर धरली, चष्मा वर सरकवला आणि तिच्याखालचा आरपार दिसणारा शब्द हळूच वाचला, "गैरआबाद." तेही निजामाच्याच शाळेत शिकलेले.

"मग इथं कोण राहत होतं?" त्यांनी विचारलं.

एवढं विचारायचीच खोटी होती. सत्यशीला जी सुटली ती दहा मिनिटं थांबली नाही. बाया कुठं पाणी भरायच्या, माणसं कशाची शिकार करायची, कोणत्या वाटेनं त्यांना हुसकावलं, सगळं तिनं त्या भोकावर बोट ठेवून सांगितलं. साहेब उभेच राहिले.

शेवटी माणिकराव म्हणाले, "आता तर फाटलाच. यादीत राहू द्यावा ना?"

"फाडला कुणी?" साहेबांनी विचारलं. "मग मी शेरा काय लिहू, गुरुजी? तपासणी अधिकाऱ्यानं स्वतःच नकाशा फाडला आणि निरुपयोगी ठरवला?" त्यांनी पेन काढलं आणि यादीतल्या माझ्या नावावर आडवी रेघ मारली. चिठ्ठी सत्यशीलाच्या हातात देत म्हणाले, "परत चिकटव. खळ मात्र थोडी पातळ कर."

आता मी नववीच्या भिंतीवर असतो. मित्रांनो, तुमच्या शाळेतल्या माझ्या भावंडांना ओल्या हातानं धरू नका, छडीनं टोचू नका आणि गुंडाळताना घाई करू नका. आमचा कागद म्हातारा असतो, चटकन दुखावतो. पण आमचं सगळंच खरं मानू नका बरं का. एखादी जागा मोकळी दिसली, तर तिथं कोण राहतं, हे आम्हाला न विचारता माणसांना विचारा. आणि उत्तर मिळालं की आमच्यावर खुशाल चिकटवा. थोडं दुखेल, पण आम्ही सोसू.